अमावास्येच्या गोळ्या

निळ्या टोपणाची नळी अपुरी भरून आली की माझं डोकं फिरतं. आमच्या हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वॉर्डातल्या सिस्टर माझ्या मागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच थोडं औषध घातलेलं असतं, आणि औषधाचं नि रक्ताचं प्रमाण ठरलेलं असतं, एकास नऊ. म्हणून नळीवर रेघ असते. रक्त रेघेपर्यंत आलं नाही तर औषध वरचढ होतं आणि रक्त आहे त्याहून पातळ दिसतं. मग कागदावर खोटा आकडा उतरतो, आणि त्या आकड्यावर डॉक्टर ठरवतात की समोरच्या माणसाचं काय करायचं. भाकरी बिघडली तर दुसरी थापता येते. इथे तसं नाही.

लॅबमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. आमचं हॉस्पिटल तालुक्याच्या गावातलं, लहानसंच. पण सीटी स्कॅन आहे, आणि अलीकडे लकव्याच्या रोग्याला मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शनही इथेच देतात. पूर्वी अशा रोग्याला मुंबईच्या वाटेला लावायचे आणि त्याची वेळ वाटेतच संपायची. वेळ म्हणजे साडेचार तास. झटका आल्यापासून तेवढ्यात इंजेक्शन गेलं तर गेलं. पण जो माणूस आधीच रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. रक्त अगोदरच पातळ असताना हे इंजेक्शन दिलं, तर गुठळी राहते बाजूला आणि मेंदूतच रक्तस्राव होतो. म्हणून रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून आयएनआर नावाचा आकडा काढायचा. तो एक पूर्णांक सातच्या आत असेल तर पुढे जायचं, नाहीतर नाही. हा आकडा मी काढते.

हे सांगायचं कारण एक बाई आहे. दिघीच्या बाजूच्या एका लहान गावातली, पन्नाशी ओलांडलेली, हाडकुळी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. तरुणपणी सांधेतापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, आणि मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात ती बदलून धातूची बसवली होती. अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि रक्त नेमकं किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासावं लागतं. सात वर्षं ती फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून, पुढे एसटीने माझ्याकडे येत होती. येताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आकड्यांची वही आणि कधीमधी डब्यातून सोललेली कालवं आणायची. ती समुद्राकाठच्या खडकांवरचे शिंपले फोडून कालवं काढायची आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात विकायची.

ती नेहमी एकादशीच्या आसपास यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "उपासाचं पोट रिकामं असतं ना बाय, म्हणून." या तपासणीला पोट रिकामं लागत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती हसायची आणि पुन्हा एकादशीलाच यायची. असेल श्रद्धा, म्हणून मी सोडून दिलं.

तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा होता. तो तसाच राहायचा. कधी पावणेतीन, कधी तीन. माझ्याकडे येणारे बाकीचे लोक, त्यांत शिकलेसवरलेलेही आले, गोळ्या चुकवायचे, लग्नाकार्यात विसरायचे आणि माझ्या शिव्या खायचे. मी त्यांच्यापुढे हिची वही उघडून धरायचे. "ही बघा, कालवं काढणारी बाई. घ्या काहीतरी शिकून." मावशी अशा वेळी खाली मान घालून पदराशी चाळा करत बसायची. मला वाटायचं, लाजतेय.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय, तो पौषातला होता. सकाळी पावणेअकराला कॅज्युअल्टीतून निळी नळी आली, पाऊण भरलेली. मी ती हातात घेऊन तशीच तणतणत खाली गेले. पलंगावर मावशी होती. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा पडलेला, डोळे उघडे. तिने मला ओळखलं आणि काहीतरी म्हणायला गेली, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. माझा सगळा ताव तिथेच उतरला.

साडेसातच्या सुमाराला ओहोटी होती. ती खडपावर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कालवं फोडत बसली होती. शेजारच्या बाईशी बोलता बोलता तिच्या हातातला कोयता गळला आणि ती कलंडली. त्या बाईने तिथूनच मावशीच्या नवऱ्याला फोन लावला होता. तो फोन सात चाळीसचा. म्हणजे बारापर्यंत वेळ होता. सीटी झालं होतं आणि मेंदूत रक्तस्राव नव्हता. गुठळीच होती.

आमचे डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांच्या हातात तिची वही होती. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन कालपासून बंद आहे ना?"

होतं. रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या मशीनचा दिवा गेला होता आणि इंजिनिअर पनवेलहून दुसऱ्या दिवशी येणार होता.

"मग विषयच संपला," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी आयएनआर पावणेतीन. सात वर्षांत एकदाही घसरलेला नाही. हिचे मिस्टर म्हणतात, गोळी रोज घेते. म्हणजे रक्त पातळच असणार. इंजेक्शन देता येणार नाही. मुंबईला पाठवू."

तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. "रोज घेतं ती गोली," तो म्हणाला. "कवा चुकवत न्हाय. या बायला इचारा."

आता बायने काय सांगायचं? वही तर माझ्याच अक्षरात होती. मुंबईला पोचेपर्यंत दुपारचे अडीच वाजले असते. मी सिस्टरला म्हटलं, "बाजूला हो, मी घेते रक्त," आणि तिचा डावा हात मांडीवर घेतला.

तोवर मी तिचे हात कधी नीट पाहिलेच नव्हते. कोपराच्या खोबणीतली शीर बघायची, सुई घालायची, कापूस ठेवायचा. त्या दिवशी शीर सापडेना म्हणून मी मनगटापर्यंत, मग बोटांपर्यंत गेले. बोटं कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेली होती. दोनतीन चिरा त्याच सकाळच्या असाव्यात, कडा अजून पांढऱ्या होत्या. पण त्या कोरड्या होत्या. शेजारी दोन दिवसांपूर्वीच्या चिरांवर बारीक काळी खपली धरली होती, अगदी व्यवस्थित. आणि सिस्टरने आधी जिथे सुई टोचली होती तिथला कापूस जवळजवळ पांढरा होता. या गोळ्या घेणाऱ्यांची त्वचा मी वर्षानुवर्षं बघत आलेय. साधं खरचटलं तरी ओल राहते. सुईच्या जागी निळं होतं. हे हात तसल्या माणसाचे नव्हतेच.

"डॉक्टर, हिचं रक्त पातळ नाही."

"वहीत तर..."

"वहीत मी लिहिलंय. मीच सांगतेय, पातळ नाही."

"मॅडम, हातांकडे बघून मी इंजेक्शन देऊ?" ते चिडले होते, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"हातांकडे बघून नका देऊ. मला वीस-पंचवीस मिनिटं द्या. मशीन नसताना आम्ही काय झोपा काढत होतो?"

नळी रेघेपर्यंत भरली, सावकाश उलटीसुलटी केली आणि जिना चढले. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "अकरा वीसला मी अँब्युलन्स काढणार." काढा म्हटलं मनात. त्याआधी मी खाली येतेच.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ही तपासणी आम्ही हातानेच करायचो. रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं. अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात काचेची छोटी नळी उभी करायची, तिच्यात गोठवणारं औषध गरम होऊ द्यायचं, मग त्यात ते पिवळं पाणी सोडायचं आणि त्याच क्षणी घड्याळ चालू करायचं. नळी दिव्यासमोर हलकेच तिरकी करत राहायची. पाणी इकडून तिकडे धावत असतं. धावता धावता एकदम अडखळतं आणि त्यात एक धागा दिसतो. तिथे घड्याळ थांबवायचं. वाचायला सोपं आहे. पण डोळा ढळला तर दोन सेकंद इकडचे तिकडे होतात, आणि त्या दोन सेकंदांत माणूस जातो.

आधी ताळा म्हणून निरोगी रक्ताचा नमुना केला. तेरा सेकंद. म्हणजे औषध ठीक होतं, पाणी ठीक होतं आणि माझा हातही ठीक होता. मग मावशीचा. दहा झाले, अकरा, बारा. आकडा पावणेतीन असता तर तिचं रक्त पस्तीस सेकंद तरी वाहत राहिलं असतं. पंधराव्या सेकंदाला धागा आला.

दुसऱ्यांदा केलं. पंधरा. तिसऱ्यांदा केलं, कारण मला माझ्या डोळ्यांवर विश्वास होता पण दुसऱ्याला का असावा? पुन्हा पंधरा. आयएनआर एक पूर्णांक दोन. कागदावर लिहिलं, तिन्ही वेळा लिहिलं, खाली सही केली आणि पळत सुटले. माझ्या गुडघ्यांना पळणं बंद होऊन काळ लोटला होता. त्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही.

डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्याकडे. "नक्की?"

"सही आहे खाली. चुकलं तर जबाबदारी माझी."

त्यांनी नवऱ्याला धोका समजावून सांगितला. शंभरातल्या काही जणांना या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो, हेही लपवलं नाही. त्याने बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि सही केली. अकरा सत्तावीसला औषध सुरू झालं. पहिला थोडा भाग एकदम, बाकीचा तासभर हळूहळू.

माझं काम तिथे संपलं होतं. वर नमुन्यांचा ढीग पडला होता. पण मी हलले नाही, आणि मला हलवायची कोणाची छाती नव्हती. दर पंधरा मिनिटांनी सिस्टर रक्तदाब घेत होती. डॉक्टर तिला हात उचलायला सांगत होते, बुबुळं बघत होते. मी सुयांच्या जागा बघत होते. साडेबाराला, औषध संपता संपता, तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ओठांच्या कडेला लाल रेघ आली. नवऱ्याने ती पाहिली आणि मटकन खाली बसला. मला भीती वाटली. आकडा माझा होता.

डॉक्टर शांत होते. "बोलावल्यावर बघते, रक्तदाब वाढलेला नाही, ओकारी नाही, हिरड्यांतून थोडं येऊ शकतं," ते म्हणाले. "पण रक्तात गोठायची ताकद किती उरलीय ते कळलं तर बरं." तिच्या हाताला आधीच लावून ठेवलेल्या सलाईनच्या नळीतून मी थोडं रक्त काढलं, म्हणजे नवी सुई टोचायला नको. साप चावलेल्या रोग्यांसाठी आम्ही एक साधी चाचणी करतो. कोऱ्या काचेच्या नळीत रक्त घालून ती उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. हलवायची नाही, डोकवायचं नाही. मग एकदाच आडवी करायची. माझ्यासारख्या बाईला याच्याइतकी कठीण शिक्षा नाही. मी स्टुलावर बसून हात मांड्यांखाली दाबून धरले.

वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. दह्यासारखं घट्ट बसलं होतं.

एक वाजून गेल्यावर मावशीने उजव्या हाताची बोटं मिटली. दोनला हात कोपरापर्यंत उचलला. बोलणं मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी झालं आणि मेंदूत कुठेही रक्त सांडलेलं नव्हतं. तोवर एक प्रश्न मला कुरतडत होता. गोळी रोज घेणाऱ्या बाईचा आकडा एक पूर्णांक दोन आला कसा? नवरा शपथा घेत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या समोर ती पाकिटातून रोज गोळी काढत असे.

दुपारी मी रक्त घ्यायला गेले. तिने मला बघितलं, तोंड हलवलं, आणि शब्द आले. जड, तुटक, पण शब्द.

"बाय... गोली... न्हाय घेतली."

झटक्यानंतरचं तिचं ते पहिलं बोलणं. पाणी हवं म्हणाली नाही, नवऱ्याला हाक मारली नाही. आधी माझ्यापुढे कबुली दिली.

मग हळूहळू, दोन दिवसांत, सगळं बाहेर आलं. त्यांच्या घराच्या वाट्याचं खडप तिच्यात आणि जावेत विभागलेलं होतं. पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीची पाळी जावेची, अमावास्येची हिची. कालवं काढताना बोटं चिरतातच. गोळी चालू झाल्यावर पहिल्याच अमावास्येला चिरा पडल्या आणि रक्त थांबेना. पाटीतली कालवं लाल झाली, गिऱ्हाईक फिरलं, बायका घाबरल्या, आणि जाव म्हणाली, तुझी पाळी मी घेते, तू घरी बस. त्यानंतर हिने ताकास तूर लागू दिली नाही. अमावास्येच्या पाच दिवस आधी गोळी बंद. नवऱ्यासमोर पाकिटातून काढायची आणि पदरात टाकायची. बीज-तीज झाली की पुन्हा सुरू. एकादशीपर्यंत रक्त पुन्हा हवं तितकं पातळ झालेलं असे. तेव्हा माझ्याकडे यायचं, चांगला आकडा घ्यायचा आणि खाली मान घालून माझं कौतुक ऐकायचं.

मी वही उघडून तारखा आणि पंचांग जुळवत बसले. दर महिन्याला आठवडाभर तिची झडप उघड्यावर होती, आणि मी नेमकी दुसऱ्या आठवड्यात मोजत होते. सात वर्षं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्यांची नळी पाव इंच कमी भरली तर आकाशपाताळ एक करणारी मी.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू वराडली असतीस."

मी वही मिटली.

डॉक्टरांनी तिला कालवं सोडायला सांगितलं. ती मान हलवून हो म्हणाली, आणि मला कळलं की ही सोडणार नाही. पाळी सुटली की जावेची झाली, ती परत मिळत नाही. हातमोजे तिने वापरून पाहिले होते. बोटांना शिंपल्याची फट कळत नाही म्हणाली. तेव्हा मी ठरवलं की हिला खडपावरून उठवायचं नाही. गोळी चालू ठेवून हिला खडपावर बसवायचं. मी तिला बजावलं, "इथून पुढे एकादशी बंद. अमावास्येला यायचं. खडपावरून थेट इकडे. गोळी एकही चुकवायची नाही. वराडायचं तर मी तेव्हा वराडेन."

चैत्रातल्या अमावास्येला ती झटक्यानंतर पहिल्यांदा खडपावर बसली आणि तिथून थेट माझ्याकडे आली. पाय किंचित ओढत होती, पण हात चालता झाला होता. डाव्या हाताची दोन बोटं चिंधीत गुंडाळलेली आणि चिंधी भिजून टपकत होती. तोंडावरचा रंग उडाला होता. "बघ बाय. घेतली गोली, येकबी चुकवली न्हाय. आता थांबत न्हाय हे."

मी तिला खुर्चीत बसवलं, चिंधी सोडली, कापसाची घडी चिरेवर ठेवली आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. तिला दर अर्ध्या मिनिटाने कापूस उचलून बघायचं होतं. मी तिचा हात झटकला. "बघायचं नाही. नुसतं दाबायचं." पाच मिनिटं झाली. सात झाली. तिचा श्वास माझ्या कानात वाजत होता. बारा मिनिटांनी मी कापूस उचलला. चीर कोरडी होती.

आकडा नंतर दोन पूर्णांक आठ आला. पण तिला त्याचं काही नव्हतं. ती बोट उजेडात धरून उलटसुलट बघत होती.

"येवढंच?" ती म्हणाली. "दाबून बसायचं?"

"एवढंच."

"सात वर्सं कोन बोललं न्हाय मला."

टोचून म्हणाली नाही ती, नवल वाटून म्हणाली. पण सात वर्षं दर महिन्याला तिच्याशी बोलणारी मीच होते.